पन्नास चिंचोके

पेज नदी भर उन्हाळ्यातही वाहते याचं बाहेरून कर्जतला येणाऱ्यांना नवल वाटतं. कारण डोंगराच्या पलीकडे आहे. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी खरं तर पूर्वेला, भीमेच्या खोऱ्याकडे जाणारी. तिचं पाणी अडवून टाटांनी भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं आणि १९२२ पासून ते पेजेत, तिथून उल्हासमध्ये येतं. शेजारच्या खालापूर तालुक्यात पाताळगंगेला खोपोलीचं वीजघर असंच पाणी देतं, तेही १९१५ पासून. हा धडा आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघंही शिक्षक. उर्दू आणि मराठी दोघांत वाटून घेतलेली. पाण्याचं एवढं सांगणाऱ्या आम्हा दोघांना पोहता मात्र येत नव्हतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमचा सातवीतला एक विद्यार्थी नदीच्या डोहात गेला. निरोप मिळताच आम्ही धावलो आणि काठावर चपला हातात घेऊन उभे राहिलो. दुसरं काय करणार? वाडीवरच्या दोन कातकरी पोरांनी उड्या मारल्या, त्याला वर आणलं, पण उशीर झाला होता. मय्यतीच्या घरी त्याचा धाकटा भाऊ, तेव्हा तिसरीतला, आमच्याकडे टक लावून पाहत होता. मग म्हणाला, "सर, तुम्हाला पोहता येतं?"

त्या "नाही"ने आम्हाला पाण्यात ढकललं.

पुढच्या एप्रिलपासून शिकायला सुरुवात केली. कर्जतबाहेर चौकच्या रस्त्याला ओळखीच्या एकांचं फार्महाऊस आहे. त्यांनी रविवारी पहाटेची वेळ आम्हाला दिली, तेव्हा तिथे दुसरं कोणी नसतं. कपड्यांचा प्रश्नही फारसा उरला नाही. डोक्यापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आता बाजारात सहज मिळतो. शिकवणारे पंचाहत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले चाचा. पहिले तीन रविवार त्यांनी फक्त पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडायला लावलं. चाळिशीतल्या माणसाला हात मारायला लवकर येतं, श्वास सोडायला येत नाही. तो छातीत धरून ठेवतो आणि दमतो.

ट्रायथलॉनचं खूळ आमच्या भाच्याचं. पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही एकापाठोपाठ, घड्याळ न थांबवता. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ही शर्यत सुरू झाली आणि २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिकमध्ये आली. ऑलिंपिकचं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. 'स्प्रिंट' म्हणजे बरोबर त्याच्या निम्मं : ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. नावनोंदणी, टी-शर्ट, गर्दी यातलं काही नको होतं. आपली आपणच करायची, असं ठरलं. अम्मी आधी म्हणाल्या, "या वयात गुडघे सांभाळा." पण शेजारच्या बाई हसल्या तेव्हा याच अम्मींनी त्यांना रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या धावण्याच्या शर्यतीची हकीकत ऐकवली. डॉक्टरांना मात्र आधी दाखवून आलो. तेवढं प्रत्येकाने करावं.

डिसेंबरातला रविवार. फजर पढून निघालो. टाकी १५ मीटरची, म्हणजे ७५० मीटरला ५० फेऱ्या. मोजणार कोण? तो धाकटा भाऊ आता चौथीत आहे. त्याच्या आईने त्याला काठावर बसण्यापुरती परवानगी दिली होती. त्याने घरून पन्नास चिंचोके आणले होते. प्रत्येक फेरीला एक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात. पाणी इतकं गार की पहिल्या पाच फेऱ्या दातच वाजत होते. तिसाव्या फेरीला आमच्यातल्या एकाने कठडा धरला. लगेच वरून आवाज आला, "अजून वीस आहेत, सर!" एकतीस मिनिटांत ढीग संपला.

कपडे बदलण्यात नऊ मिनिटं गेली. ओल्या पायात मोजे चढत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ही वेळही शर्यतीतच धरतात, म्हणून जाणकार मोजे, बूट, हेल्मेट आधीच क्रमाने मांडून ठेवतात.

सायकलचा रस्ता कर्जतकडून चौकच्या दिशेला, दहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे आणि तिकडे जाऊही नये. याच रस्त्यावर पुढे, खालापूरच्या हद्दीत, 'जोधा अकबर'चा किल्ला जिथे उभा केला होता तो स्टुडिओ लागतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, मधूनमधून फार्महाऊसची लोखंडी फाटकं आणि मुंबईहून सुसाट येणाऱ्या गाड्या. भाचा स्कूटरवर मागे होता म्हणून धीर. दूर इर्शाळगडाचा सुळका दिसला. त्याच्याच कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. आम्ही दोघंही बोललो नाही, थोडा वेळ नुसते पेडल मारत राहिलो. येताना चढावर एकाची साखळी निसटली, हात काळे झाले. एक तास चौदा मिनिटं.

खरी गंमत त्यानंतर. सायकलवरून उतरलं की पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात. शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवले तर त्रास कमी होतो. सराव करतानाच सायकलनंतर दहा मिनिटं धावण्याची सवय लावावी. हे आम्ही ऐकलं होतं, केलं नव्हतं. पाच किलोमीटरपैकी दोन तरी चालतच गेलो. एका वाडीवरच्या आजींनी विचारलं, "कुनाला शोधताय?" पाण्याचे चार घोट त्यांनीच दिले.

बूट बदलण्याची तीन मिनिटं धरून सगळं मिळून दोन तास त्रेचाळीस मिनिटं. अव्वल खेळाडू हेच तासाभराच्या आत संपवतात. आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा चाचा घड्याळाकडे न बघता कांदेपोहे वाढत होते.

पोहे खाऊन झाल्यावर मुलगा टाकीच्या उथळ बाजूला पाय सोडून बसला. त्याने आईला फोन लावायला सांगितलं. आम्ही लावला, त्याने दोनच वाक्यं बोलून फोन आमच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, किती खोल आहे?"

"तीन फूट. आणि आम्ही दोघंही आत उतरतोय."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "फोन चालू ठेवा."

आम्ही तो स्पीकरवर टाकून चिंचोक्यांच्या ढिगाशेजारी ठेवला आणि ओले कपडे पुन्हा चढवायला गेलो.