बक्षीस किती?

परवा भाचा गॅरेजवर येऊन म्हणाला, "मामा, मला डकार करायचीय." बसलेले चौघं हसले. एकानं विचारलंच, "बक्षीस किती?"

मंडळी, डकार म्हणजे दगडधोंड्यांतून, वाळूतून दोन आठवडे चालणारी रॅली. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिली निघाली, २०२०पासून सौदीत होते. तिथं कंपनीचे पगारी स्वार मोजके. बाकी बहुतेक हौशी, पदरचे पैसे घालून आलेले. कंपनीच्या स्वाराची गाडी रात्री मेकॅनिक खोलतात, तो जेवून झोपतो. हौश्यांतला एक गट तर मदतनीसच घेत नाही. एक पेटी, तंबू आणि जादा चाकं आयोजक पुढच्या मुक्कामी पोचवतात, बस्स. दिवसभर गाडी हाणायची आणि रात्री ऑइल, फिल्टर, टायर आपल्याच हातानं बदलायचे.

पंढरपूरकरांना हे सांगायला नको खरं तर. मागं ट्रक असलेली दिंडी आपण बघतो, तसा खांद्याला पिशवी लावून एकटा चालत आलेला म्हाताराही. त्याला कोण विचारतं बक्षीस किती म्हणून?

केरळचा हरिथ नोआ २०२४ला रॅली-२ गटात पहिला आला. पुण्याचे संजय टकले २०२५ला जुन्या गाड्यांच्या डकार क्लासिकमध्ये उतरले. तेव्हा भाच्याचं स्वप्न अगदीच हवेतलं नाही.

माझा राग वेगळाच आहे. पोरं सराव करतात कुठं, तर चंद्रभागेच्या वाळवंटात! तिथं भाविकांची ये-जा, त्यात वाळू उपशाचे खड्डे. गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा दोस्त असल्याच एका खड्ड्यात गेला. हेल्मेट नव्हतं. खांद्याच्या हाडावर निभावलं. रिक्षात घालून नेला त्याला. २०२१ला बेंगळुरूचा सी. एस. संतोष डकारमध्ये पडला, डोक्याला मार लागला, तर हेलिकॉप्टरनं रियाधच्या दवाखान्यात पोचवला. तो कंपनीचा स्वार होता, पण तिथं हेलिकॉप्टर हौश्यासाठीही तसंच येतं.

भाच्याला झाडलं, "नदीत परत गाडी घातलीस तर चावी काढून घेईन." तो म्हणाला, "मग कुठं घालू?" मला उत्तर देता आलं नाही.

तालुक्यात पडीक माळ कमी नाही. एखादा तुकडा कुंपण घालून द्या, रविवारी सकाळी एक रुग्णवाहिका उभी करा, हेल्मेटशिवाय आत सोडू नका. नगरपालिकेनं करावं की चार गॅरेजवाल्यांनी मिळून, ते बसून ठरवू. मी पाने घेऊन यायला तयार आहे.

रविवारी भाच्याला बोलावलंय. आधी एकट्यानं चाक काढून ट्यूब बदल म्हटलं, मग डकारचं बोलू. कुणाचा माळ मोकळा असेल तर कमेंटमध्ये सांगा.