ओसरीवरच्या तसबिरीची हकिकत

॥ श्री ॥

तळेगाव दाभाडे,
चैत्र शुद्ध दशमी

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे हॅनोव्हरहून पाठविलेले सविस्तर पत्र पोहोचले. चाकणच्या कारखान्याने तुला यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी जर्मनीस धाडले असता, सुटीच्या दिवशी तू तेथील एका जुन्या गोदामात भरलेल्या कुस्त्या पाहावयास गेलास; आणि कोणत्याही बड्या मंडळीशी करारबद्ध नसलेला, आठवडाभर अन्यत्र चाकरी करून शनिवार-रविवारी स्वतःच्या मोटारीने गावोगाव हिंडणारा, एकेका रात्रीच्या बिदागीवर आखाड्यात उतरणारा आणि कुस्ती संपताच दाराशी मेज मांडून आपल्या नावाचे सदरे आपल्याच हाताने विकणारा एक मल्ल तेथे तुझ्या दृष्टीस पडला, त्याच्याशी तू चार शब्द बोललासही, हे वाचून मला फार संतोष झाला. पत्राच्या अखेरीस तू दोन प्रश्न केले आहेस. असा फिरस्तीचा पेशा प्रतिष्ठेचा मानावा काय, हा पहिला. आणि आपल्या ओसरीवर जी पैलवानाची तसबीर लहानपणापासून तू पाहत आलास, तो आपल्या घराण्यातील कोण, हा दुसरा. दोहोंचे उत्तर एकाच हकिकतीत असल्यामुळे ती जरा विस्ताराने लिहितो.

तसबिरीतील पुरुष आपल्या घराण्यातील नव्हे. ते सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव होत. काळसर लाकडी चौकट, एका कोपऱ्यात ओल चढून पिवळा पडलेला कागद आणि तळाशी निळ्या शाईने लिहिलेला '१९५२' हा आकडा तुला आठवत असेल. तो आकडा माझ्या वडिलांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या हातचा आहे.

प्रथम पेशाविषयी. तू पाहिलास तो प्रकार युरोपात नवा नाही. महायुद्धानंतरच्या काळात व्हिएन्ना शहरी हॉइमार्क्टवर उन्हाळ्यात पाहुण्या मल्लांचे सामने आठवडेच्या आठवडे चालत, आणि तेथील मल्ल हंगाम संपला की आपली पेटी उचलून पुढल्या शहराची वाट धरीत. असे काही फिरस्ते मल्ल हिंदुस्थानापर्यंतही आले. हंगेरीचा म्हणून ओळखला जाणारा महाकाय एमिल झाया 'किंगकाँग' हे नाव धारण करून आशियाभर हिंडला, आणि मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांशी त्याच्या ज्या लढती होत, त्यांची वर्णने आमच्या पिढीने तोंडपाठ केली होती. त्या कुस्त्यांचा निकाल बहुधा पूर्वनियोजित असतो, हे तुला ठाऊक आहेच. तरीही उंचावरून आपटलेल्या देहाला बसणारा मार नियोजित नसतो, आणि पोटासाठी देह पणास लावणाऱ्या मनुष्याची अवहेलना करण्याचा अधिकार प्रेक्षकास नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मातीतली निकाली कुस्ती मात्र मी त्याहून श्रेष्ठ मानतो, आणि ते मत बदलावे असे मला आजवर वाटलेले नाही.

हा फिरस्तीचा पेशा आपल्याकडेही आहे, आणि तो मातीत रुजलेला आहे. सध्या चैत्र चालू असल्यामुळे आपल्या मावळात गावोगावच्या जत्रांना आरंभ झाला आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलली की फड भरतो. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती कालवलेली असते. अशी मुरलेली माती खरचटलेल्या कातड्यास बाधत नाही, असे मानतात. हलगी वाजू लागते. पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवड्यांवर नि नारळांवर. मग पंच उभयतांची अंगलट पाहून जोडी ठरवितात आणि इनामाची रक्कम चढत जाते. दिवेलागणीच्या सुमारास शेवटची मोठी कुस्ती सुटते. जिंकलेला मल्ल वस्तादाच्या पायाला हात लावून फडाभोवती फेरी घालतो आणि भोवतालचे लोक त्याच्या हातात दहा, वीस, शंभर रुपये ठेवतात. त्याला मासिक वेतन नाही, निवृत्तीवेतन नाही. दूध, तूप, बदाम यांच्या खुराकाचा तगादा मात्र नित्याचा, आणि गुडघा एकदा निखळला की उत्पन्न त्याच दिवशी बंद. फडातली ही फेरी आणि तुझ्या जर्मन मल्लाचे दाराशी मांडलेले मेज यांत मला तत्त्वतः काही अंतर दिसत नाही.

या मातीतूनच खाशाबा वर आले. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्यामुळे तालमीचे संस्कार घरातच झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असता, वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव द्यावयास ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला; परंतु त्यांनी थेट प्राचार्य खर्डेकरांकडे दाद मागितली, परवानगी मिळविली आणि आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक अस्मान दाखविले. खर्डेकरांचे नाव ध्यानात ठेव. ही हकिकत पुढे त्यांच्यापाशीच येऊन पोहोचणार आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने गेले. तोवर सारी कुस्ती मातीतली; गादीवरची कुस्ती, तिचे गुण आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम हे सारेच अपरिचित. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मार्गदर्शकाने त्यांना शिकविले, आणि त्या अल्पशा शिक्षणाच्या बळावर त्यांनी सर्वांत हलक्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. त्यांचा ढाक हा डाव प्रसिद्ध होता: प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून, कंबर आत घालून, त्याला आपल्या अंगावरून फेकावयाचे. हा डाव मातीत शिकलेला. पण तो गादीवरही तितकाच चालतो, हे त्यांनी जगाला दाखविले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट मात्र सरळ नव्हती. निवडीतून प्रथम ते वगळले गेले. आपणांवर अन्याय झाला अशी दरखास्त त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे केली, फेरचाचणी मंजूर झाली आणि तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी आपली जागा मिळविली. पण निवड होणे आणि प्रवासखर्च मिळणे या त्या काळी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. सरकारदरबारी केलेल्या विनंतीची तजवीज वेळेवर झाली नाही. तेव्हा गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली; शेतकऱ्यांनी दिले, दुकानदारांनी दिले, ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरी बेरीज पुरी होईना. अशा वेळी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी गुरूने डोक्यावरील छप्पर गहाण टाकावे, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हेलसिंकीच्या मेसुहाली या सभागृहात ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीत केले, तुझ्या जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवरही मात केली. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव या दोघांशी मात्र त्यांना हार पत्करावी लागली. ते दोघे अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य पदकांचे मानकरी ठरले. इशीशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि तक्रार नोंदविण्यास आपल्या पथकाचा अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तरी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले, आणि एकट्याच्या बळावर मिळविलेले स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक ठरले. दुसरे वैयक्तिक पदक पाहण्यास देशाला १९९६ उजाडावे लागले, आणि कुस्तीतले दुसरे पदक तर २००८ साली आले.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या मिनिटांत तुटणारी ती वाट तुडवावयास कित्येक तास लागले. त्या मिरवणुकीचे वर्णन सर्वत्र आढळते. मला स्वतःला मात्र त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. सत्कार आटोपल्यावर या ऑलिंपिकवीराने कुस्त्यांचे मैदान भरविले, त्यात स्वतः लढून जे द्रव्य हाती आले ते खर्डेकरांच्या स्वाधीन केले आणि त्यांचे घर गहाणातून सोडविले. ऑलिंपिकचे पदक मिळविणारा मल्ल कर्जफेडीसाठी पुन्हा मातीत उतरला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता ही तसबीर गोळेश्वरपासून इतक्या दूर, आपल्या तळेगावात का, ते सांगतो. तुझे आजोबा आपल्या पैसाफंडाच्या काच कारखान्यात भट्टीवर कामास होते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी हिंडून प्रत्येकाकडून एकेक पैसा मागावा, लोकमान्यांनी त्या कल्पनेची पाठराखण करावी, आणि अशा जमलेल्या पैशांतून १९०८ साली या गावी काचेचा कारखाना उभा राहावा, ही घटना आपल्या गावच्या इतिहासात दाभाडे सरसेनापतींच्या पराक्रमाइतकीच अभिमानाची आहे. त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. त्याच भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना, लोकांनी जमविलेल्या पैशांवर हेलसिंकीस गेलेला पैलवान आपलाच वाटला यात नवल नाही. ते म्हणत, "आपला कारखाना पैशापैशानं उभा राहिला, आणि हा गडीही तसाच." त्यांनी ही तसबीर पुण्याहून आणली आणि देवघराच्या भिंतीला लागून, ओसरीवर लावली.

खाशाबांचे उत्तरायुष्य मी थोडक्यात लिहितो, कारण ते लिहिताना मनाला क्लेश होतात. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, दीर्घकाळ बढतीविना राहिले, सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि निवृत्तीवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती सभागृहास नाव २०१० साली. ज्या गौरवाचा उपभोग घ्यावयास मनुष्यच उरला नाही, तो देणाऱ्यांनी विलंबाचे उत्तर द्यावयास हवे होते. ते कोणी दिले नाही.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, आपल्या कष्टाचे मोल आपल्या समोरच्या लोकांकडून उघडपणे घेणारा आणि घेतलेले ऋण फेडणारा मल्ल, मग तो जत्रेच्या फडातला असो की हॅनोव्हरच्या गोदामातला, पूर्णपणे प्रतिष्ठेचा धनी आहे. घराची डागडुजी पुढल्या महिन्यात सुरू होईल. तसबिरीची चौकट बदलून घेणार आहे, जागा तीच राहील. तू तेथून हेलसिंकीस जाण्याची सवड काढू शकलास तर मेसुहालीची इमारत अवश्य पाहा. आता तिला किसाहाली म्हणतात आणि आजही तेथे खेळ चालतात. आणि त्या जर्मन मल्लाची पुन्हा गाठ पडली, तर त्याच्या मेजावरून एक सदरा विकत घे, किमतीत घासाघीस करू नकोस, आणि पैसे त्याच्याच हातात दे.

इकडील सर्व क्षेम आहे. प्रकृतीस जपून राहावे, पत्र लवकर लिहावे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका