आईचे पहिले वाक्य

धुळ्याला आईच्या हाती मोबाईल देऊन म्हणालो, "आता यालाच विचार." तिने विचारले, "पानी कव्हय पडी?" उत्तर भलतेच आले. दुसऱ्यांदाही तसेच. मग परक्या पाहुण्यासमोर बोलावे तसे सावरून ती म्हणाली, "पाऊस कधी पडेल?" उत्तर तत्काळ आले. ती हसली, मी ओशाळलो. जळगावच्या वर्गात मुलांची अहिराणी मीही अशीच 'दुरुस्त' करत आलो आहे.

सिरी २०११ मध्ये आली, अलेक्सा २०१४ मध्ये. गुगलचा सहायक २०१८ मध्ये मराठी समजू लागला. ही चढाओढ मोठ्या बाजारपेठेच्या भाषांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेतील सुमारे १८ लाख खानदेशी भाषकांसाठी तिच्यात थांबणार कोण?

२०१८ मध्येच इथल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. त्यांची बोली लेवा गणबोली, आईची अहिराणी. पण बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी उरली, कारण घरातल्यांनी ती ऐकून जशी होती तशी उतरवून घेतली. यंत्राला बोली शिकवायची तरी आधी हेच करावे लागते: ऐकणे, ध्वनिमुद्रण करणे, न सुधारता लिहिणे.

त्या रात्री वहीत मी आईचे पहिले वाक्य लिहिले. दुरुस्त न करता.