२०१९ला थांबलेली खाती

माझे चुलते, म्हणजे आमचे तात्या, कोलकात्यात बौबाजारात गलाईचं दुकान चालवतात. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, टंच काढून द्यायचा, हा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून मूस आणि भट्टी घेऊन देशभर पांगली, आणि कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात विट्याकडचं माणूस भेटतं. तात्या तरुणपणी असेच इकडे आले. मी पुढे सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, तेव्हापासून दुकानातल्या संगणकाचं काहीही बिघडलं की फोन मलाच येतो.

गेल्या हिवाळ्यात आला तो फोन वेगळा होता. विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणून तात्यांनी मशीन कोलकात्यातल्याच चांदनी चौकातल्या एका दुकानात नेऊन त्यात नवी एसएसडी आणि विंडोज ११ घालून आणलं होतं. जुनी हार्ड डिस्क दुकानदारानं पिशवीत घालून परत दिली होती. मशीन झटपट सुरू होत होतं, पडदा नवाकोरा दिसत होता. फक्त गलाईचा प्रोग्राम उघडत नव्हता.

"आरं, निस्तं काळं दिसतंया ह्यात," तात्या म्हणाले. "खाती कुठायत?"

हा प्रोग्राम काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण त्याच्या जागी बाजारातलं तयार पॅकेज का चालत नाही हे बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. बंगालचे कारागीर आजही सोनं भरीत मोजतात. एक भरी म्हणजे ११.६६४ ग्रॅम. भरीचे सोळा आणे, आण्याच्या सहा रती. कारागीर भरी-आणा-रतीत माल सांगतो, काटा ग्रॅम दाखवतो, गाळल्यावर घट येते, टंचाप्रमाणे शुद्ध सोनं किती ते काढायचं, मजुरी वजा करायची आणि उरलेलं त्याच्या खात्यावर पुन्हा भरीतच टाकायचं. हे सगळं एका पडद्यावर करणारा प्रोग्राम नव्वदच्या दशकात एका बंगाली प्रोग्रामरनं तात्यांच्या शेजारी बसून फॉक्सप्रो २.६मध्ये लिहिला. तात्यांनी हिशोब तोंडी सांगायचा, त्यानं तो तिथंच उतरवायचा. रतीच्या दहाव्या भागापर्यंत त्याचा आकडा चुकत नाही. इतकी वर्षं धंद्याला पुरलेल्या त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

पण तो डॉसचा प्रोग्राम आहे. ३२-बिट विंडोजमध्ये असे १६-बिट प्रोग्राम चालवणारी एक सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली होती. ६४-बिट विंडोजमध्ये ती नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच मिळतं. म्हणून डॉसबॉक्स लागतं. पीटर वेनस्ट्रा आणि शुर्ड व्हान डर बर्ग या दोन डच प्रोग्रामरांनी २००२मध्ये जुने डॉस गेम खेळता यावेत म्हणून ते बनवलं. ते जुन्या पीसीची पूर्ण नक्कल करतं. प्रोसेसर, पडदा, कळफलक, सगळंच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं, त्यामुळे बाहेर कुठलं विंडोज आहे याच्याशी आतल्या प्रोग्रामला कर्तव्य नसतं.

तात्यांच्या दुकानात डॉसबॉक्स आलं ते एका संकटात. ३१ ऑगस्ट २०१९च्या रात्री बौबाजारात भुयारी मेट्रोच्या बोगद्यात पाणी घुसलं, जमीन खचली आणि दुर्गा पितुरी लेन, स्याकरापाडा लेन इथल्या घरांना तडे गेले. पुढच्या दिवसांत काही इमारती कोसळल्या. तो सगळा सोनारांचा मोहल्ला. शेकडो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. तात्यांची गल्ली पलीकडची, तरी त्यांनी भट्टी विझवली आणि सामान हातगाडीवर घालून दुसरीकडे हलवलं. त्या धावपळीत विंडोज एक्सपीचं जुनं मशीन कायमचं बंद पडलं. नवं घेतलं ते विंडोज १०चं, ६४-बिट. त्यावर कुणीतरी डॉसबॉक्स घातलं, जुन्या डिस्कवरची गलाईची फाइल-फोल्डरं आत टाकली आणि प्रोग्राम चालू करून दिला. छपाई सोडली, तर पुढची सहा वर्षं तो बिनतक्रार चालला.

मी दुकानात जाऊन पाहिलं, तर आता नव्या विंडोजवर काळ्या चौकटीत नुसता झेड ड्राइव्ह दिसत होता. याचं कारण सोपं होतं. कुठलं फोल्डर कुठल्या ड्राइव्हच्या नावानं जोडायचं आणि सुरुवातीला कुठला प्रोग्राम चालवायचा, हे डॉसबॉक्स एका मांडणी-फाइलीत ठेवतं. ती फाइल वापरणाऱ्याच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते. दुकानदारानं डोळ्यांना दिसलं ते सगळं नव्या डिस्कवर आणलं होतं, न दिसलेलं राहिलं होतं. मी माउंटचा आदेश आणि प्रोग्रामचं नाव नव्यानं लिहिलं. गलाईचा निळा पडदा उघडला आणि तात्यांनी खुर्ची पुढे ओढली.

खात्यांची यादी आली. तात्यांनी एकेक खातं खाली नेत शेवटची नोंद पाहिली. ती सप्टेंबर २०१९ची होती. दुसऱ्या खात्यातही तेच. लॉकडाउन नाही, त्यानंतरची दिवाळी-धनत्रयोदशी नाही, गेल्या दुर्गापूजेच्या आधीची कामाची रीघ नाही.

"सा वर्साचं काम गेलं का रं?"

अशा वेळी पहिला संशय एम्युलेटरवर, म्हणजे नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सवर जातो. त्याची आवृत्ती बदलावी, जुनी टाकावी, सुसंगततेच्या खुणा लावून पाहाव्यात असं वाटतं. मी तसं काही केलं नाही, कारण पडद्यावर जे दिसत होतं ते बिघडलेलं नव्हतं. प्रोग्राम नीट चालत होता, बेरजा जुळत होत्या. फक्त काळ मागे गेला होता. फॉक्सप्रोत अनुक्रमणिकेची फाइल आणि मुख्य फाइल यांचा मेळ तुटला की नोंदी असूनही दिसत नाहीत, म्हणून आधी ती शंका फेडायची ठरवलं. डीबीएफ फाइलीची रचना फार सरळ असते. सुरुवातीच्या मथळ्यात एकूण नोंदी किती आणि एकेक नोंद किती बाइटांची ते लिहिलेलं असतं. नोंदींची संख्या गुणिले नोंदीची लांबी, अधिक मथळ्याची लांबी, एवढा फाइलीचा आकार यायला हवा. फार तर शेवटच्या खुणेचा एखादा बाइट जास्त. तो बरोबर आला. म्हणजे फाइल निरोगी होती, तिच्यात काही लपलेलं नव्हतं. ती खरोखरच २०१९ची फाइल होती.

मग सहा वर्षं तात्या लिहीत होते ते कुठे?

मी एक खोटी नोंद घातली, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. नोंद होती. पण विंडोजमधून ते फोल्डर उघडून पाहिलं तर खात्यांच्या फाइलीवर जुनीच तारीख, आकारही जुनाच. नोंद लिहिली गेली होती, पण या फाइलीत नव्हे. इथे माझ्या मनातली गाठ सुटली. फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये होतं. २०१९च्या घाईत ज्यानं कुणी ते बसवलं, त्यानं गलाईचं फोल्डर डॉसबॉक्सच्याच फोल्डरात ठेवून दिलं होतं.

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या प्रोग्रामांना लिहायला बंदी केली. पण जुने प्रोग्राम बिनदिक्कत तिथे लिहीत आले होते. त्यांना एकदम अडवलं असतं तर ते बंद पडले असते. म्हणून एक पडद्याआडची तोड काढली. असा प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला नकार देत नाही. त्या फाइलीची एक प्रत वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करतं आणि यापुढे त्या प्रतीतच लिहितं. प्रोग्रामनं पुन्हा वाचायला मागितलं की तीच प्रत पुढे करतं. म्हणजे फॉक्सप्रोला वाटत होतं आपण सी ड्राइव्हवर लिहितो, डॉसबॉक्सला वाटत होतं आपण प्रोग्राम फाइल्समध्ये लिहितो, आणि विंडोज लिहीत होतं तिसऱ्याच जागी. तिघांपैकी एकानंही कधी चूक झाल्याचा संदेश दाखवला नाही. दाखवला असता तर सहा वर्षांपूर्वीच कुणीतरी फोल्डर हलवलं असतं. वापरणाऱ्याला न कळवता त्याच्या हिशोबाची जागा बदलणं मला आजही मान्य नाही. प्रोग्राम बंद न पडू देण्याचा हेतू कितीही चांगला असो.

नव्या डिस्कवर लपलेल्या फाइलींसकट शोध घेतला, तेव्हा माझी खोटी नोंद व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सापडली. मग जुनी डिस्क पिशवीतून काढली. चांदनीतूनच एक यूएसबी केस आणली आणि डिस्क जोडली. जुन्या खात्याचं फोल्डर उघडायला विंडोजनं परवानगी मागितली, ती दिली. यूझर्स, मग तात्यांचं खातं, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, प्रोग्राम फाइल्स, डॉसबॉक्स. तिथे गलाईचं फोल्डर होतं आणि त्यातल्या खात्यांच्या फाइलीवर मशीन दुकानात नेण्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

तात्यांनी ती तारीख बोट लावून दोनदा वाचली. मग उठून चहा सांगितला.

इथे घाई केली तर नवं नुकसान होतं. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये फक्त बदललेल्या फाइली असतात. मूळ प्रोग्राम, मजुरीच्या दरांची एक कधीच न बदललेली फाइल, असलं सगळं प्रोग्राम फाइल्समध्येच राहतं. म्हणून आधी मूळ फोल्डराची प्रत काढली, तिच्यावर व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली ठेवल्या आणि अनुक्रमणिका नव्यानं बांधल्या. ही एकत्र केलेली प्रत थेट सी ड्राइव्हवर, प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर ठेवली, म्हणजे विंडोजला मध्ये येण्याचं कारणच उरलं नाही. जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही.

फाइल तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. फॉक्सप्रोत नोंद पुसली तरी ती लगेच जात नाही. नोंदीच्या पहिल्या बाइटात एक तारका पडते आणि ती पडद्यावरून दिसेनाशी होते, इतकंच. पॅकचा आदेश देईपर्यंत मजकूर फाइलीतच राहतो. २०२०च्या उन्हाळ्यातल्या अशा बऱ्याच तारका होत्या. लॉकडाउनमध्ये हुगळी-मेदिनीपूरकडचे कारागीर गावी गेले, तेव्हा तात्यांनी त्यांची येणी सोडून दिली होती. मी विचारलं, या परत आणायच्या का? "पुसल्यात त्या पुसल्यात," ते म्हणाले. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात काकूंनाही ठाऊक नव्हतं.

पुढचं काम छपाईचं. मूळ डॉसबॉक्स गेमसाठी बनलेलं असल्यानं त्यात प्रिंटरचं पोर्ट नाही, आणि २०१९पासून तात्या पावत्या हातानं लिहीत होते. त्याच मुळापासून पुढे वाढलेलं डॉसबॉक्स-एक्स समांतर पोर्टची नक्कल करतं, छपाई फाइलीत किंवा विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतं. ते बसवलं. जुन्या डॉसबॉक्सची आणखी एक खोड याच निमित्तानं सुटली. त्यात कंट्रोल आणि एफ९ एकत्र दाबलं की न विचारता सगळं बंद होतं, आणि गलाईच्या प्रोग्रामात एफ९वर दिवसाचा हिशोब बंद करण्याची कळ आहे. बोट जरा चुकलं की फाइली उघड्या असतानाच प्रोग्राम मरतो आणि मथळा अर्धवट राहतो. ती जोडणी असेल तिथं काढूनच टाकावी.

सगळी खाती लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही उघडून साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवली. फॉक्सप्रो २.६ हे १९९४चं, आणि त्याच्या वंशातल्या शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रोचाही आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१५मध्ये काढून घेतला. एम्युलेटरच्या भरवशावर प्रोग्राम आणखी बरीच वर्षं चालेल, पण खाती त्याच्याशिवायही वाचता यायलाच हवीत.

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आमच्याकडची मंडळी भेटतात, तेव्हा मी हे सांगतो. गलाईच्या दुकानांत, सराफांकडे, वजनकाट्याच्या पेढ्यांवर असे डॉसचे प्रोग्राम अजून रोज चालतात. नव्या विंडोजवर जाण्याची पाळी आता त्या सगळ्यांवर आली आहे. तुमच्याकडे असा प्रोग्राम असेल तर मशीन दुकानात देण्यापूर्वी एक नोंद घाला आणि कुठल्या फाइलीची तारीख बदलली ते शोधा. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर पाहून समाधान मानू नका, व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा. आणि नव्या मशीनवर कालची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय जुनी डिस्क कुणाला देऊ नका, पुसू नका.