आमची घटमांडणी

वऱ्हाडात भाकिताचा दुष्काळ कधीच पडला नाही. अक्षय तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य सरकलं, काय जागेवर राहिलं, ते बघून पावसापासून राजकारणापर्यंत सगळं सांगितलं जातं. अकोल्यातले आमचे ओळखीचे व्यापारी म्हणतात, आम्ही नाही मानत. आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडला की आधी तेच वाचतात.

आमची पण एक घटमांडणी आहे. ती शेतात नाही, अकोल्यात एका चहाच्या टपरीवर होते आणि तिला धान्य नाही, दोनशे पानी वही लागते. इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू होण्याआधी आम्ही पाच जण बसतो आणि कोणता संघ कितवा येईल ते लिहितो. सगळ्यांनी सगळे संघ लिहायचे, खाली सही करायची. हंगाम संपला की लिहिलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक काढायचा. मोहन बागान पहिला लिहिला आणि पहिला आला, तर शून्य. पंजाब पाचवा लिहिला आणि दहावा आला, तर पाच. सगळ्या संघांच्या फरकांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला.

पहिल्याच वर्षी प्रश्न आला की जिंकलेल्याला काय. कोणी म्हणालं, हरलेले चौघं मिळून त्याला बिर्याणी खिलवतील. टपरीवर अब्बांच्या वेळचे एक बुजुर्ग बसतात, ते तिथूनच म्हणाले, "बेटा, मग तो जुवाच झाला. पैसे असोत का बोट्या." वाद झाला. आमच्यातला पाटील (तो मूर्तिजापूरला मास्तर आहे) म्हणाला, "काहून बावा, चहा बी नाही का?" शेवटी तोड निघाली ती अशी: हरणाऱ्यानं काहीच द्यायचं नाही, जिंकणाऱ्यानं खुशीनं सगळ्यांना चहा पाजायचा. बुजुर्गांनी मान हलवली. वर एक अट घातली. गैबचं इल्म फक्त अल्लाहला आहे, म्हणून पानाच्या वर इन्शाअल्लाह लिहायचं. तेव्हापासून पाटीलही लिहितो. त्याचा गोवा दरवर्षी इन्शाअल्लाह पहिला असतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण वही सुरू झाली त्याला कारण होतं. माझा भाचा अमरावतीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. पोरगा हुशार, फुटबॉलचा किडा. कोणत्या संघाचा डावा बॅक कधी जखमी झाला ते त्याला तोंडपाठ. हीच हुशारी एका ॲपनं हेरली. सामन्याआधी दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. प्रवेश फी एकोणपन्नास रुपये. बक्षीस एवढं मोठं की आकडा वाचताना दम लागावा. एकोणपन्नास रुपये म्हणजे काय, दोन नाश्ते. पण रोज कुठे ना कुठे सामना असतोच, आणि खेळणारे लाखांनी असतात. वर्षभरात त्याचे सेहेचाळीस हजार गेले. त्यातले वीस माझ्या बहिणीनं बचत गटातून शिलाई मशीनसाठी काढलेले होते. घरात कळलं त्या रात्री तो जेवला नाही आणि बहीण बोलली नाही. मला फोन आला तो सकाळी, आणि फोनवर फक्त रडणं.

मी त्याला काही समजावलं नाही. समजावायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण त्याचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचे. अंदाज बरोबर असून पैसे जातात, हेच त्या धंद्याचं गणित. मी म्हटलं, रविवारी अकोल्याला ये, वही घेऊन ये. फुकट अंदाज कर, बघू किती येतं तुला.

त्याला यायला आता सोपं झालंय. अमरावती ते अकोला या रस्त्याबद्दल आम्ही वर्षानुवर्षं एकच भाकीत करायचो: हा रस्ता आपल्या हयातीत होत नाही. आणि जून २०२२ मध्ये लोणी ते माना एका लेनच्या हिशेबानं पंचाहत्तर किलोमीटर डांबर एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत पडलं, गिनीज बुकात नाव गेलं. त्या दिवसापासून मी कोणत्याही गोष्टीला 'शक्यच नाही' म्हणणं सोडलं. हीच सवय मला वहीत महाग पडली.

त्याचं असं की आमच्या घरात मोहम्मडन स्पोर्टिंग हे मर्ज आहे. अब्बा बडनेऱ्याला रेल्वेत होते. हावडा मेल, गीतांजली, सगळ्या गाड्या तिथूनच जायच्या आणि गाड्यांबरोबर कलकत्त्याच्या बातम्या यायच्या. अब्बांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं की १९३४ मध्ये कलकत्त्याची लीग जिंकणारा पहिला हिंदुस्थानी संघ हाच, आणि नुसता जिंकला नाही, १९३८ पर्यंत पाच वर्षं ओळीनं जिंकला. गोऱ्यांच्या पलटणींना हरवून. १९४० मध्ये दिल्लीत ड्युरँड कप आणि मुंबईत रोव्हर्स कप, दोन्ही. अब्बांच्या काळात पुन्हा १९८१ मध्ये लीग आली. त्यानंतर दर पावसाळ्यात ते चहाचा कप बशीत ओतत म्हणायचे, "इस साल मोहम्मडन." अम्मी म्हणायची, "पिछले साल भी यही बोले थे." ते म्हणायचे, "पिछले साल भी सही बोला था, उन्होंने नहीं सुना."

२०१९ मध्ये अब्बा गेले. २०२१ च्या नोव्हेंबरात मोहम्मडननं कलकत्त्याची लीग जिंकली, चाळीस वर्षांनी. अंतिम सामन्यात हरवलं कोणाला? रेल्वे एफसीला. अब्बा असते तर त्या रात्री कोणाच्या बाजूनं दुआ केली असती, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही.

मग एप्रिल २०२४ मध्ये आय-लीग जिंकून मोहम्मडन सुपर लीगमध्ये आला. वहीत त्या सप्टेंबरला मी त्यांना सहावा लिहिलं. भाच्यानं तेरावा. तेरा संघांत तेरावा! मी म्हटलं, नानांची तरी लाज ठेव. तो म्हणाला, "मामू, वर आलेल्या क्लबला टीम बांधायला वेळच मिळत नाही. पंजाब वर आला तर आठवा आला, आणि त्यांच्याकडे पैसा होता. इथे मालकांचंच आपसात जमत नाही. परदेशी खेळाडू उशिरा आले. चांगले देशी खेळाडू सगळे बागान, गोवा, बेंगळुरूकडे करारात बांधलेले."

एकेक शब्द खरा ठरला. चेन्नईत जाऊन जिंकले तेव्हा मी त्याला रात्री फोन केला, तो नुसता हसला. जानेवारीत पगार थकल्याच्या बातम्या आल्या, प्रशिक्षक चेर्निशोव्ह सोडून गेले, मेहराजुद्दीन वाडूच्या हाती संघ आला. चोवीस सामन्यांत दोन विजय, तेरावा नंबर. त्या एका संघापायी माझ्या बेरजेत सात वाढले. जमशेदपूर मात्र कोणालाच धड आला नाही. खालिद जमील यांनी त्यांना पाचवं आणलं. आम्ही सगळ्यांनी आठच्या खाली टाकलेलं. ज्या माणसानं ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिली, त्याला आपण दरवर्षी का विसरतो, कळत नाही. २०२५ मध्ये ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवून बसले.

आणि २०२५ मध्ये? वही होती, पाच जण होते, हंगामाचाच पत्ता नव्हता. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा २०१० चा करार डिसेंबरात संपत होता, नवा झालेला नव्हता, म्हणून ११ जुलैला क्लबांना कळवलं गेलं की लीग थांबवली आहे. बेंगळुरूनं ऑगस्टात खेळाडूंचे पगारच थांबवले. खालच्या लीगची तर आणखी तऱ्हा. हंगाम एप्रिलमध्ये संपला, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता जाहीर केलं, आणि १८ जुलैला स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादानं सांगितलं, विजेता इंटर काशी. पाटील म्हणाला, "आता गेलेल्या सालाचं बी भाकीत करा लागते का?"

तिकडे २२ ऑगस्टला ऑनलाइन जुगाराच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि भाच्याच्या त्या ॲपवरचे पैशांचे खेळ बंद झाले. बचत गटाचे अजून चार हप्ते बाकी आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला तो स्वतः जाऊन भरतो.

एका रविवारी तरी बसलोच. काशीला धरून चौदा ओळी आखल्या आणि भाच्यानं उजवीकडे एक जास्तीचा रकाना काढला: 'सुरू कधी?' बुजुर्गांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, याच्यापुढे इन्शाअल्लाह दोनदा लिहा. पाटलानं दिवाळी लिहिली. मी जानेवारी लिहिली. बागान पहिला, याला कोणी हरकत घेतली नाही. जमशेदपूरला मी दहावं टाकलं, कारण जमील गेले. काशी बारावी. मोहम्मडनपाशी पेन थांबला. मग मी चौदावा लिहिलं, अब्बांची माफी मागून.

पानं एकमेकांना दाखवायची वेळ आली. भाच्याच्या पानावर मोहम्मडन आठवा होता.

मी म्हटलं, "का रे? मागच्या साली तर सगळा हिशेब सांगत होतास."

"हिशेब आजही तोच आहे, मामू," तो म्हणाला. "ॲपवर मी त्यांचा एकही प्लेअर कधी घेतला नाही. पैसे होते ना."

चहा आला. गेल्या हंगामाचा विजेता तोच होता आणि चहा राहून गेलेला, म्हणून पैसे त्यानं दिले. पाच कट, बुजुर्गांचा बिनसाखरेचा.