भांगाची रेघ

गेल्या दिवाळीत मुलगा लातूरहून घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक रेघ होती. कंगव्याने पाडलेला भांग नव्हे. भांगाच्या जागी वस्तऱ्याने कोरलेली, कपाळाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून भोवऱ्याच्या अलीकडे थांबणारी पांढरी रेघ. 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला राहणाऱ्या मुलांच्या डोक्यात पुस्तकांखेरीज आणखीही काही असते, ह्याचा हा पुरावा पाहून मला खरे तर बरे वाटायला हवे होते. पण तोंडून निघाले, "हे काय करून घेतलंस?" तो शांतपणे म्हणाला, "भांगच आहे, बाबा. फक्त विस्कटत नाही."

मराठीच्या अध्यापकाला एवढे उत्तर पुरायला हवे. भांग हा शब्द 'भंग'शी नाते सांगतो. केसांचे अखंडपण मोडून जी वाट निघते तो भांग. ती वाट आजवर कंगवा काढी आणि वारा मोडी, आता ती कायम राखण्याचा प्रयत्न आहे, एवढेच. शिवाय सचखंड गुरुद्वाऱ्याच्या ह्या नांदेडात केस ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. केस न कापणे हीच निष्ठा मानणारी माणसे इथे आपली शेजारी आहेत. केसांना हात लावणे आणि न लावणे, दोन्हींतून माणूस आपण कोण हे सांगत असतो.

'कायम' हा शब्द मात्र फसवा निघाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तीन-चार दिवसांत रेघेवर खुंट उभे राहतात आणि आठ-दहा दिवसांत ती धूसर होते. राखायची तर दर आठवड्याला वस्तरा आलाच. त्यातही गोम अशी, की दर खेपेस कडेचा एकेक केस जास्त गेला तरी रेघ रुंदावते, आणि पाहता पाहता पाऊलवाटेचा रस्ता होतो. चुकलेली रेघ बुजायला दोनेक महिने थांबावे लागते. पाडव्याच्या आदल्या दिवशी वजिराबादमधल्या दुकानांत उभे राहायलाही जागा नव्हती. मुलगा म्हणाला, "तुम्हीच मारा ना लाईन. लॉकडाउनमध्ये माझे केस तुम्हीच कापले होते की."

कापले होते खरे. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली केशकर्तनालये राज्यात जूनअखेर उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला परवानगी नव्हती. गावाकडचा माझा चुलतभाऊ त्या दिवसांत वस्तरा फडक्यात गुंडाळून बसून होता. इकडे मुलाचे केस पाहून शेजाऱ्यांनी विचारले, "सर, इतके छान कुणी कापले?" मी म्हणालो, "यूट्यूबवर पाहून जमवलं."

ते खोटे होते. माझे आजोबा अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात बलुत्यावर हजामत करीत. सुगीला खळ्यावर मिळेल ती ज्वारी, हीच त्यांची वर्षाची कमाई. बाराव्या वर्षी त्यांनी माझ्या हाती वस्तरा दिला आणि आधी माझ्याच पोटरीवर चालवायला लावला. "कातडं ताणून धर. वस्तरा दाबू नगं, त्यो आपसूक चालतो," एवढाच त्यांचा पाठ. पुढे मी एम. ए. झालो, प्राध्यापक झालो. त्यांची धोकटी माळ्यावर गेली आणि माझ्या बोलण्यातूनही.

दरवर्षी मी संतसाहित्यात सेना न्हावी शिकवतो. आपल्या धंद्याची हत्यारेच सेना महाराजांनी अभंगात रूपके म्हणून कशी वापरली, हे रंगवून सांगतो. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, हेही सांगतो. राम नगरकरांनी 'रामनगरी'त हसत हसत केवढे सांगून टाकले, ह्याचे कौतुक करतो. आणि हे सारे तृतीय पुरुषात. 'तो समाज', 'त्यांची हत्यारे', 'त्यांचा व्यवसाय'. वीस वर्षांत 'आम्ही' हे सर्वनाम माझ्या तोंडी एकदाही आले नाही.

त्या संध्याकाळी धोकटी खाली काढली. आजोबांचा वस्तरा मुलाला लावण्याचा प्रश्नच नव्हता. बाजारातल्या साध्या वस्तऱ्यात अर्धे नवे पाते घातले. केस कोरडे ठेवून पुढे विंचरले, मग हलकेच मागे ढकलले. केस आपण होऊन जिथे दुभंगले तीच खरी जागा, आणि लातूरच्या कारागिराने ती अचूक ओळखली होती. मी नवी रेघ आखली नाही. जुन्या कडांच्या आतले खुंट तेवढे ओले केले, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली, पाते जवळजवळ आडवे धरले. हाताला सगळे आठवत होते. शेवटी तुरटी फिरवली. मुलाने आरशात डोके तिरके करून पाहिले आणि विचारले, "दुकानापेक्षा सरळ आलीय. हे तुम्ही कुठं शिकलात?"

मग त्याला सगळे सांगितले. कापल्या केसांत तसाच बसून तो ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, "मग यूट्यूब कशाला सांगितलंत?" ह्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

सुट्टीनंतर वर्गात सेना न्हावी आला तेव्हा शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याऐवजी धोकटी टेबलावर उघडली. कातर, चिमटा, नराणी, आरसा, चामड्याचा पट्टा. "ही माझ्या आजोबांची," म्हणालो. आवाज थोडा कापला. वर्गाला त्यात विशेष काही वाटले नसावे. दोघी-तिघींनी फोटो काढले, इतकेच. तास संपल्यावर मात्र मागच्या बाकावरचा, वर्षभरात एक शब्दही न बोललेला एक मुलगा थांबून राहिला. त्याने पट्टा हाती घेतला आणि सवयीच्या माणसासारखा अंगठ्याने चाचपला.

"सर, सकाळी दुकानात लाईन मीच मारतो," तो म्हणाला. "पण डोक्याच्या गोलाईवर ती वाकडी जाते. तुम्ही पातं कसं धरता?"

पुढचा तास मोकळा होता. आम्ही दोघे तिथेच बसलो.