काठीवरची खूण

अब्बांनी 1994 साली जुना मॅसी 1035 घेतला, तेव्हा तो ट्रॅक्टर आमच्यातल्या धाकट्याच्या वयाच्या आसपासचाच होता. लाल रंग उडालेला, डाव्या बाजूचा पत्रा चेपलेला. पण अब्बा त्याला रोज सकाळी हात लावून मगच कामाला काढीत. संध्याकाळी परतले की आधी डिझेलच्या टाकीखालचा कॉक बंद करीत आणि मग हातपाय धुवायला जात. आम्ही दोघे भाऊ हसायचो. कॉक बंद केला काय आणि उघडा ठेवला काय, डिझेल थोडेच पळून जाणार आहे!

अब्बा 2001 साली गेले. 2003 च्या दुष्काळात चाऱ्यापायी बैलजोडी विकावी लागली. मंगळवेढ्याकडची आमची जमीन काळी, खोल. पावसाळ्यात ती ओल पिऊन घेते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी येते. वापसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. ते दिवस हुकले की वर्ष हुकले. बैल गेल्यावर या पेरणीचा सगळा भार त्या जुन्या ट्रॅक्टरवर आला. आमच्यातला थोरला शेती बघे, धाकटा शाळेत गुरुजी. म्हणून ट्रॅक्टरवर गावातलाच एक पोरगा ड्रायव्हर ठेवला. वय बावीस. त्याची आई आमच्या रानात खुरपणीला येई. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

पोरगा कामाला चोख होता. 2005 च्या सप्टेंबरात एक दिवस तो थोरल्याला म्हणाला, "भाई, इंजिन तापलं की ऑइलचा काटा खाली येतोय."

"जुनं झालंय. येणारच."

दोन दिवसांनी पुन्हा म्हणाला, "भाई, पट्टीवर तेल वर दिसतंय. खुणेच्या वर."

"मग तूच जास्त ओतलं असशील."

"मी ओतलंच नाही."

बोलणे तिथेच थांबले. तेल कमी असेल तर माणूस घाबरतो. जास्त असेल तर त्याला बरेच वाटते. आम्हालाही बरेच वाटले.

मग हस्ताचा पाऊस लागला. चार दिवस ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभा होता. थोरल्याला डिझेलच्या खर्चाचा संशय आधीपासून होता. त्याने पाऊस लागताना टाकीत काठी बुडवून खूण करून ठेवली होती. पाचव्या दिवशी काठी पुन्हा बुडवली, तर डिझेल बोटभर खाली. इंजिनाला हातही लागलेला नाही आणि डिझेल कमी! गोठ्यात रात्री झोपायला कोण? तोच पोरगा.

आम्ही दोघांनी त्याला पारावर गाठले. चार माणसे बसलेली होती. थोरल्याने काठी पुढे धरली. धाकटा गुरुजी, त्याने तरी सबुरीने घ्यायला हवे होते. पण तो म्हणाला, "खरं सांगितलंस तर कोणी मारणार नाही." या वाक्यात चोरी धरूनच चालल्याचे तेव्हा ध्यानात आले नाही. पोरगा इतकेच म्हणाला, "मी घेतलं नाही." किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. राहिलेली पंधरा दिवसांची मजुरीही त्याने मागितली नाही. ती न मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच, असा अर्थ आम्ही काढला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रमजान सुरू झाला. वापसाही आला. थोरला सहेरी करून स्वतः ट्रॅक्टरवर बसला. पहिल्या दिवशी दुपारपासून काटा लाल पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी तो तिथून उठेच ना. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याला आणले. त्याने उभ्या उभ्या निकाल दिला, "क्रँक गेला. इंजिन खोलावं लागेल. वीस हजार धरा, आठ-दहा दिवस लागतील." आठ-दहा दिवसांत रानातली ओल उडून गेली असती. दुसऱ्या कोणी सांगितले की जाड तेल ओता. तिसऱ्याने सांगितले की रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घाला, काटा आपोआप वर येतो.

अम्मी म्हणाली, अब्बांच्या वेळचे उस्ताद अजून आहेत, त्यांना विचारा. उस्ताद सत्तरीच्या पुढचे. दुकान मुलाच्या हाती दिलेले. रोजा असूनही ते आमच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. सोबत एक पिशवी, तिच्यात पाने आणि नळी लावलेले एक जुने मीटर.

त्यांनी आल्या आल्या इंजिनाला हात लावला नाही. आधी विचारले, "काटा कधीपासून खाली येतो? गार असताना की तापल्यावर? आवाज येतो का?" आम्ही सांगितले, गार असताना बरा असतो, तापल्यावर पडतो, आवाज काही नाही. मग त्यांनी ट्रॅक्टरचे मीटर सुटे केले आणि त्या जागी आपले मीटर जोडले. म्हणाले, "पहले मीटर को पूछो, तू सच बोलता क्या? मीटर खोटं असेल तर चांगलं इंजिन फुकट खोलाल."

इंजिन सुरू केले. गार असताना 40 पौंड. रानात एक फेरी मारून आणली. तापल्यावर पूर्ण रेसला 12, आणि हळू चालीवर 4 च्या आसपास. या इंजिनाला तापल्यावर पूर्ण रेसला किमान 30 पौंड तरी हवेत. म्हणजे मीटर खरे बोलत होते.

आम्ही रिलीफ व्हॉल्व्हचा विषय काढला. उस्ताद बांधावर बसले आणि समजावू लागले. ऑइल पंप काही दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. क्रँक आणि बेअरिंगचे शेल यांच्यातल्या बारीक फटीतून ते तेल वाट काढते. वाट अरुंद आणि तेल दाट असेल तर दाब राहतो. फट वाढली की दाब पडतो, आणि तेल पातळ झाले तरी पडतो. रिलीफ व्हॉल्व्हचे काम जास्तीचा दाब सोडून देणे. जिथे मुळात दाबच नाही, तिथे स्प्रिंग आवळून काय होणार? व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असेल तर गोष्ट वेगळी. तेही बघू, पण आधी सोपे, मग अवघड.

मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते. त्यांनी थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि पट्टी आमच्यापुढे धरली. आम्हीही वास घेतला. डिझेल!

"तेल वाढतंय, हे कुणी पाहिलं नाही?" त्यांनी विचारले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

चेंबरचा नट काढला. सहा-सात लिटर तेलाची जागा, पण दहा लिटरचा कॅन भरत आला. तेल पाण्यासारखे वाहत होते. उस्तादांनी ते उन्हात हातावर घेऊन पाहिले. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला. बारीक चमक होती, पण धातूचे तुकडे नव्हते. म्हणाले, "बेअरिंगला थोडा मार लागला आहे, पण जीव आहे. नशीब समजा. चेंबरमध्ये इतकं डिझेल झालं की इंजिन तेच पिऊन पळत सुटतं, मग बंद करायला गेलं तरी थांबत नाही."

डिझेल चेंबरमध्ये शिरते ते दोन-तीन वाटांनी. नोझल गळत असेल तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरते. पण त्यात धूर आणि ठोका जाणवतो, आणि इंजिन बंद असताना ते थांबते. आम्ही चार दिवसांच्या पावसाची गोष्ट सांगितली. काठीचीही सांगितली, पण त्या पोराचे नाव घेतले नाही. उस्ताद म्हणाले, "उभ्या इंजिनात उतरतं ना? मग फीड पंप बघा."

जुन्या इंजिनाच्या कुशीला हा छोटा पंप असतो. आत रबरी पडदा. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, पडदा खालीवर होतो आणि टाकीतले डिझेल पुढे जाते. उस्तादांनी पंप इंजिनापासून सुटा केला, टाकीकडची नळी तशीच ठेवली आणि कॉक उघडला. आम्ही वाकून बघत होतो. काही क्षणांतच पंपाच्या दांड्याच्या बाजूने एक थेंब आला. मग दुसरा. टाकी वर, पंप खाली. पडद्याला केसाएवढी चीर. रात्रंदिवस, कुणी न चोरता, डिझेल थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरत होते.

उस्ताद सहज म्हणाले, "तुमचे अब्बा कॉक बंद करायचे. कॉक बंद असता तर उभ्या ट्रॅक्टरचं एक थेंब उतरलं नसतं."

नवा पडदा सव्वाशे रुपयांना मिळाला. 20-40 नंबरचे नवे तेल, नवा फिल्टर. बंद करायची दांडी ओढून धरून आधी नुसतेच इंजिन फिरवले, काटा हलल्यावरच सुरू केले. तापल्यावर पूर्ण रेसला 34 पौंड, हळू चालीवर 12. उस्ताद म्हणाले, "नवं झालं नाही, पण पेरणी होईल. पन्नास तासांनी तेल पुन्हा बदला. रोज दाब लिहा. उन्हाळ्यात शेल बघू." तोवर मगरिबची वेळ झाली होती. बांधावर खजूर आणि पाणी घेऊन त्यांनी रोजा सोडला. मजुरी विचारली तर म्हणाले, तुमच्या अब्बांच्या हिशेबात बसवा.

पेरणी झाली. पण घरात कुणी नीट बोलेना. थोरला म्हणायचा, "येईल चार दिवसांनी कामाला, तेव्हा सांगू." धाकटा म्हणायचा, "निरोप पाठवू." आम्हा दोघांनाही त्याच्या दारात जायचे नव्हते, हे खरे. अम्मीने एका रात्री तरावीहून आल्यावर आम्हाला बसवले. म्हणाली, "बेटा, अल्ला तो माफ करता. पन जिसका दिल दुखाए, उसके दरवाजे कू जाना पडता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. मावशी चुलीपाशी होती. तिने बसा म्हटले, पण आत बघून पोराला हाक मारली नाही. तो आपणच बाहेर आला. आम्ही पारावर त्याला चोर म्हटल्यापासून पंचक्रोशीत कुणीही त्याच्या हाती ट्रॅक्टर द्यायला तयार नव्हते. तो वीटभट्टीवर जात होता. हातांची कातडी सोललेली. आम्ही फाटका पडदा कागदात गुंडाळून नेला होता. तो त्याने हातात घेतला, ताणून उजेडात धरला, चीर पाहिली.

"मी त्या दिवशी म्हणलो होतो, तेल वर आहे," तो म्हणाला.

"म्हणाला होतास."

आम्ही राहिलेली मजुरी आणि वर काही पैसे पुढे केले. त्याने मजुरीचे तेवढे मोजून घेतले, वरचे परत दिले. म्हणाला, "भाई, पैशाचं काही नाही. तुम्ही जिथं म्हणला होता, तिथं जाऊन सांगा."

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही पारावर गेलो. त्या दिवशी चार माणसे होती, आज वीस-पंचवीस होती. थोरल्याने पडदा दाखवला, धाकट्याने चेंबरची आणि कॉकची हकिगत सांगितली. शेवटी म्हणालो, "चोरी झाली नव्हती. चूक आमची होती." कुणी हसले, कुणी "होतं असं" म्हणाले. पोरगा मागे उभा होता. सगळे ऐकून तो निघून गेला. ईदला त्याच्या घरी शिरखुर्मा गेला, मावशीने भांडे रिकामे परत पाठवले नाही, गूळ घालून पाठवले. पण तो आमच्या ट्रॅक्टरवर पुन्हा बसला नाही. पुढच्या हंगामात दुसऱ्या गावी एका बागायतदाराने त्याला नव्या ट्रॅक्टरवर घेतले.

उन्हाळ्यात उस्तादांच्या देखरेखीखाली बेअरिंगचे शेल बदलले. वरच्या शेलांवर तांबे दिसायला लागले होते. त्या पंधरा दिवसांच्या पातळ तेलाची ती निशाणी. शेल बदलता आले. पारावर एकदा बोललेले मात्र दुसऱ्यांदा बोलून पुरते पुसले जात नाही. अजूनही एखादा म्हातारा त्याला "डिझेलवाला" म्हणतो, थट्टेने म्हणतो, आणि ते नाव आम्ही दिलेले आहे.

ट्रॅक्टर आम्ही 2014 साली विकला. वही घरात आहे. तारीख, तास, गार दाब, गरम दाब, आणि एक रकाना तेलाच्या पातळीचा. त्या रकान्यात आम्ही दोन खुणा करत असू, एक खाली गेले तर आणि एक वर गेले तर. ट्रॅक्टर देताना नव्या मालकाला सगळे समजावून सांगितले. कॉक दाखवला आणि म्हणालो, "संध्याकाळी हा बंद करत जा." तो हसला. आम्हीही पूर्वी असेच हसलो होतो, म्हणून आम्ही ते त्याला पुन्हा एकदा सांगितले.